ताण

पद्माक्का विचारते, काय काय पाहिलंत गं तिकडं?
मी मोबाइल काढते.
अथेन्सचा डोंगर. खांब. खांबांपुढे आम्ही पाच जण.
सहावे नान्ना, ते फोटोत नाहीत.
पुढच्या फोटोतही नाहीत.

श्रीहरीला बोनस मिळाला, अम्माची सत्तरी झाली,
म्हणून ग्रीस. अकरा दिवस.
व्हिसाच्या फॉर्मवर व्यवसाय विचारलेला.
विणकर लिही, म्हणाले.
पुढे निवृत्त लिहू?
बराच वेळ फॉर्मकडे बघत राहिले. नको.

सामानात कडक भाकरीची चळत, शेंगाचटणीचे तीन डबे.
विमानतळावर एका बाईनं भाकरी टेबलावर ठोकून पाहिली,
टक् टक्,
आणि हसून जाऊ दिलं.

तिकडं ऊन छत्तीस. माणसं सावली धरून आडवी.
गाईड टोपीनं वारा घेत सारखी माफी मागत होता,
आणि आमची अम्मा बोटीवर स्वेटर घालून.
"एप्रिलात सात रस्त्यावर उभा करा म्हणावं ह्याला."

बेटं चार पाहिली.
बेट लांबून दिसलं की अम्मा हात जोडायची.
इथं देऊळ नाहीये गं, मी म्हटलं.
पाण्याच्या मधोमध आहे ना, म्हणाली,
मग असेल कोणीतरी.
तळ्यातल्या सिद्धेश्वराला बघत जन्म गेलेला;
चारी बाजूंनी पाणी आणि आत कोणीच नाही,
हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही.

नान्ना हॉटेलात शिरले की आधी न्हाणीघरात.
टॉवेल उलटा करायचा, काठ अंगठ्याखाली फिरवायचा.
"आपला नाही."
दुसऱ्या बेटावर: "लूप आखूड. आपला नाही."
तिसऱ्यावर हंसिकानंच बाहेरून ओरडून विचारलं, ताता, आज?
आतून नुसता नळाचा आवाज.

चौथ्या बेटावर एका खोलीचं म्युझियम होतं.
नाक नसलेला संगमरवरी पोरगा, त्याच्यापुढे सगळी गर्दी.
नान्ना कोपऱ्यात सापडले, काचेला कपाळ टेकून.
आत मातीचे गोळे, लिंबाएवढे, ओळीनं मांडलेले,
प्रत्येकाला वर एक भोक.
मी पाटी वाचायला लागले, मागाची वजनं, अडीच हजार...
"ठाऊक आहे."
मग म्हणाले, उभा माग असणार. ताणा वरून लोंबता.
खाली हे बांधल्याशिवाय ताण कुठून येणार?
हे बघ, ह्याचं भोक एकाच अंगाला झिजलंय.
ह्या मागानं पोटं भरली असणार बरीच.
अक्कलकोट रोडचा कारखाना बंद झाला त्याला बावीस वर्षं,
इतकं सलग ते तेव्हापासून बोलले नव्हते.

बोट सुटायची वेळ. गाईड घड्याळावर बोट आपटतोय.
त्याला विचार, नान्ना म्हणाले, हा माग बंद कधी पडला?
मी विचारलं.
त्यानं एक लढाई सांगितली, एक भूकंप, दोन राजे.
नान्नांनी सगळं ऐकून घेतलं.
"ते असू दे. शेवटचा पगार मिळाला का सगळ्यांना, ते विचार."

ते मी विचारलं नाही.

फोटो संपतात. पद्माक्काचा चहाही.
ती उठताना टेबलावरचं लाइटबिल बघायला घेते,
पंख्याखाली उडू नये म्हणून त्यावर
मातीचा एक गोळा. गणपतीवाल्याकडची शाडू,
गच्चीवर वाळवलेली,
काडेपेटीतल्या काडीनं पाडलेलं भोक, जरासं वाकडं.

"अगं बाई, हे तिकडनं आणलं?"
अम्मा हो म्हणायच्या बेतात असते.

"आपलं आहे," पेपरमागून आवाज येतो.
"आणि पंखा एकवर करा. बिल बघितलं ना किती आलंय."