कौल

फॉर्मवर ‘व्यवसाय’पुढे एवढीशीच रेघ.
गुणोने लिहिलं, पेंटर.
मडगावच्या डॉक्टरीणबाईंना वाटलं, भिंती रंगवतो.
नाही, मी म्हटलं, बार्जींची बुडं.
रासईच्या यार्डात, अकरा वर्षं,
शिंपले चिकटू नयेत म्हणून तांबडा रंग लावतात, तो.
त्यांनी पेन खाली ठेवलं.

सिगारेट, दारू, घट्ट जीन्स
हे सगळं विचारून झालं होतं तोवर.
मग माझी पाळी.
मी सुपरमार्केटच्या काउंटरवर. दिवसाला चारशे बिलं,
गुळगुळीत कागदाची, थुंकीने बोट ओलं करून फाडलेली.
डबा प्लास्टिकचा. कढी उकळती ओतते,
सातची बस असते.
रात्री मच्छरांची कॉइल, खिडकी लावून.

म्हणजे त्यानेच का?
‘असू शकेल,’ त्या म्हणाल्या, ‘नसेलही.
एकट्या कशाचं नाव घेता येत नाही.’

सासूबाईंनी सातेरीला कौल लावला होता,
माझ्या नावाने. गुणोचं नाव कुणाला सुचलंच नाही.
उजवी पाकळी पडली तर हो, डावी पडली तर नाही.
डावी पडली.
घर येईपर्यंत कुणी बोललं नाही माझ्याशी.
डॉक्टरांची पाकळी अजून
चिकटून आहे तिथेच.

चिखलीच्या खाडीत आयतारी मी खुबे काढायला जाते.
विद्यापीठातली एक पोरगी तिथे वाकून शंख मोजत असते.
म्हणाली, गोदीजवळच्या माद्यांना
नरासारखं काहीबाही फुटायचं, बोटींच्या रंगाने.
तो रंग आता बंद आहे म्हणे.
तुमच्या यार्डात कुठला?
डब्यावरचं लेबल रंगानेच झाकलेलं असतं, बाय.

गुणो येतो. नखांच्या कडा तांबड्या.
आधी टर्पेंटाइनने हात धुतो, मग साबणाने,
मग मला शिवतो.
लग्नापासून असाच.
मी त्याला माया म्हणत आले.
अजूनही म्हणते.

स्टीलचा डबा घेतला. बिल दोन नखांत धरते,
मालक विचारतो, हात दुखतो काय?
तपासणीची पावती पर्समध्ये होती, तसल्याच कागदाची.
काल उघडली तर सगळे आकडे उडालेले.
पैसे तेवढे गेलेले.

रात्री गुणो अंधारात म्हणाला, सोडू यार्ड?
भावाच्या ओळखीने कळंगुटला हॉटेलात जागा आहे,
लॉन्ड्रीत.
मी कुशीवर वळले.
तिथे चादरींना काय घालतात
ते आधी विचार.