सम-विषम

दहरान. ऑगस्टातला रात्रीचा दीड.
दाराबाहेर पाऊल टाकलं की चष्मा वाफेनं आंधळा,
आणि आत आम्ही पाणी वीस अंशांवर सांभाळतोय.
अर्धा अंश चढला तरी लेझर रुसतो,
म्हणून चिलरपाशी स्टूल टाकून
हनीफभाई परकार, मुक्काम दाभोळ.

काचेवर वीस नॅनोमीटरचा थर :
गॅडोलिनियम, लोखंड, चिमूटभर कोबाल्ट.
स्फटिक नाही, रांग नाही,
गावाला जायच्या खोक्यात सामान कोंबावं
तसे अणू, जागा मिळेल तिथे.
ठरलेलं एवढंच :
लोखंडाचं तोंड वर, तर गॅडोलिनियमचं खाली.

"आम्ही दोघं भाऊ," ते म्हणाले,
"दोन माडांवरून."

एक स्पंद सोडला.
केवढा? त्यांनी विचारलं.
सेकंदाचे लाख कोटी तुकडे करा,
त्यातल्या एकाचा दहावा हिस्सा.
"बाई, एवढ्यात तर 'बाई'तला ब पण होत नाही."

लोखंड घाईचं, आधी विरतं,
शून्य ओलांडून उलटं उभंही राहतं.
गॅडोलिनियम रेंगाळतं, अजून जुन्याच दिशेला,
आणि तेवढ्यापुरती
दोघांची तोंडं एकीकडे.
मग तेही वळतं. पुन्हा विरोध,
बाजू तेवढ्या बदललेल्या.
चुंबक कुणी जवळ आणलेलं नाही.
नुसता उजेड.

हनीफभाई बराच वेळ गप्प.
"अब्बांच्या जनाज्याला," मग म्हणाले,
"खांद्याला खांदा लावून उभे होतो. किब्ल्याकडे.
चार तकबिरी होईपर्यंत."
चिलर घरघरत राहिला.
"संध्याकाळी परत माड."

पडद्यावर पांढऱ्यात काळा ठिपका.
दुसरा स्पंद : गेला.
तिसरा : आला.
ते बोटांच्या पेरांवर मोजायला लागले,
पण माझे स्पंद नव्हेत.
"आलो, एक. गावाला गेलो, दोन. आलो, तीन..."
अठ्ठ्याण्णव सालापासून. मध्ये एकदा चुकले,
मुलीच्या लग्नाची खेप दोनदा धरली, पुन्हा मोजलं.
"एक्केचाळीस. म्हणजे काळा."

पहाटे लेझर बंद केला.
ठिपका तसाच. त्याला वीज लागत नाही,
वीस अंशांचं पाणी लागत नाही,
वळला की वळला.

वहीत आकडा लिहीत होते
तर दारातून म्हणाले,
चपला शोधत, माझ्याकडे न बघता,
"आज सम आकड्यावर थांबा ना."

मी पाणी परत चालू केलं.