भोक पाडण्याआधी

ब्युबेनरॉयथला ओटमार श्टिंगलच्या दाराला पाटी नाही,
सरसाचा वास आहे.
मी पेटी बाकावर ठेवली, कड्या उघडल्या
आणि नको तेवढ्या घाईनं म्हणाले,
पिकअप हवाय. पण हिच्या पोटाला सुरी लावायची नाही.

माझ्या बापाची गिटार. आल्विनची.
पुढून फुगीर, व्हायोलिनसारख्या दोन फटी,
कडेची पट्टी जुन्या दातासारखी पिवळी.
चाळीस वर्षं त्यानं ती विजेशिवाय वाजवली
नाचाच्या हॉलांत, ट्रम्पेटच्या मागच्या खुर्चीवर,
कुणालाही ऐकू न जाता.
म्हणायचा, ही ऐकू येण्यासाठी नसते,
थांबली की कळावी म्हणून असते.

मी मात्र शनिवारी एर्लांगेनच्या तळघरात वाजवते.
ड्रमवाला योर्न काही हलक्या हाताचा नाही.
गेल्या खेपेला माझी पाळी आली तेव्हा
लोकांनी बिअर मागवून घेतली.

ओटमारनं एकेक खोकं उघडलं.
हा लोहचुंबक. तारेपलीकडे याला जग नाही.
पोलाद हललं की बोलेल, लाकूड गेलं उडत.
हा घोडीखाली बसतो, दाब ओळखतो,
जोरात छेडलंस तर बदकासारखा केकाटेल.
हा मायक्रोफोन. नको तितका प्रामाणिक.
तुझा श्वास, बाहीचं बटण, योर्नचा बूट,
सगळं चव्हाट्यावर आणेल,
आणि आवाज चढवलास की गळा काढेल.
हा मेणानं चिकटवायचा.
कुठे चिकटवायचा, ते शोधता शोधता
माझ्या एका गिऱ्हाइकाचं लग्न मोडलं.

तू काय ऐकतोस, मी विचारलं.
वरचे सूर कानांनी केव्हाच सोडले, तो म्हणाला,
दात आहेत अजून.
गिटारच्या डोक्यावर त्यानं रुमाल टाकला,
कड दातांत धरली, डोळे मिटले,
हातानंच खुणावलं, वाजव.

मी एक वॉल्ट्झ वाजवला, अर्धाच.
त्यानं दात सोडवले.
इथे काहीतरी आहे.

दंतवैद्याचा असतो तसला आरसा फटीतून आत गेला,
मागोमाग दिवा.
गळ्याच्या टोकाशी, आतून,
स्प्रूसचा एक चौकोन,
रेषेला रेष जुळवून बसवलेला.
खाली कडेला मेपलचं एक गोल बूच.
कधीतरी पाडलं होतं भोक.
कधीतरी बुजवलं.
वरून रोगण असं, की इतकी वर्षं हात फिरवूनही
मला पत्ता नव्हता.

कारागीर नाही हा, ओटमार म्हणाला,
हात चांगला, पण सरस जास्त झालाय.
घरातलंच काम.

म्हणजे आमच्या स्वयंपाकघरातलं टेबल.
म्हणजे एका रात्री त्यालाही
ट्रम्पेटच्या पुढे यायचं होतं.
कुठल्या हॉलात? कोण होतं समोर?
आणि असं काय ऐकलं स्वतःचं
की घरी येऊन, कुणाजवळ ब्र न काढता,
लाकडाची रेष जुळवत बसला?

ज्याच्यासाठी मी सुरीला नाही म्हणत होते
तो सुरी लावून मोकळा झाला होता.
मला आधी हसू आलं.
मग बराच वेळ काहीच आलं नाही.
ओटमार तोवर वाकडे नसलेले खिळे सरळ करत बसला.

शेवटी अधांतरी चुंबक ठरला,
बोटांखालच्या पट्टीला टांगलेला,
पोटाला न शिवणारा.
आणि वायर?
कडेचं ते जुनं भोक उघड.
आता चालेल होय भोक?
ते त्याचंच आहे, मी म्हणाले.

बूच सहज निघालं. सरस इतका, तरी.
ओटमारनं ते माझ्या तळहातावर ठेवलं,
पन्नास सेंटच्या नाण्यापेक्षा जरा लहान.
पाकिटात सुट्ट्या पैशांतच असतं.

परवा योर्न म्हणाला, मोठी वाजतेस आता.
गल्ल्यावरच्या मुलीला मी बिअरचे पैसे दिले.
तिनं मोजले, एक वेगळं काढलं,
दिव्यापाशी धरून पाहिलं,
आणि परत केलं.