कार्य

टॉडमॉर्डनच्या कालव्यावर, पुलापुढच्या लॉकपाशी
डेक्लन दाराच्या तुळईला पाठ लावून रेटतोय.
टाचा जमिनीतल्या विटांच्या खाचांत रोवलेल्या,
कान लाल, मार्चच्या थंडीतही मानेवर घाम.
दार ढिम्म.
पलीकडचं पाणी अजून हातभर वर आहे.

"मिस, किती कार्य झालं?"
कीझिया वही कोटाखाली धरून उभी, भुरभूर चालूच.
शून्य, मी सांगते.
बल आहे, विस्थापन नाही.
डेक्लन माझ्याकडे असा बघतो
जसा मीच त्याचा घाम चोरला.

हा शब्द मला विट्याच्या शाळेत भेटला.
माने सरांनी फळ्यावर लिहिलं: कार्य.
आणि आमच्या घरी त्याच आठवड्यात कार्य होतं,
शालूताईचं.
मला वाटलं, पुस्तकालाही आमंत्रण गेलंय.

ऐन अक्षतांच्या वेळी वावटळ उठली.
बापूमामाने मांडवाचा कोपऱ्यातला खांब
दोन्ही हातांनी कवटाळला
तो शेवटची पंगत उठेपर्यंत.
खांब तसूभर सरकला नाही, मामाही नाही.
जिलबी त्याला तिथेच कुणीतरी भरवली.
सोमवारी सरांना विचारलं, मामाचं किती?
सरांनी हातावरचा खडू झटकला.
"शून्य," म्हणाले. मग जरा थांबून,
"मामाला सांगू नकोस."

"मग मी दमलो कशानं?" डेक्लन विचारतो.
हा प्रश्न पुस्तकातल्या प्रश्नांहून खरा आहे.
तुझ्या मांडीत, मी म्हणते, बारीक धागे
ओढतात, सुटतात, पुन्हा ओढतात.
बाहेरून सगळं गप्प.
त्या कार्याची ऊब झाली.
तुझी जर्सी वाफाळतेय, ती त्याचीच.
दाराच्या खात्यावर मात्र छदाम जमा नाही.
कीझिया लिहून घेते. 'ऊब'खाली दोन रेघा.

हॉवर्ड ग्रीनवुड, वय एकोणऐंशी,
लॉकवरचा स्वयंसेवक, एक गुडघा नवा,
इतका वेळ थर्मासच्या झाकणातून चहा पीत होता.
"पोरा, पाण्याशी भांडू नये," म्हणतो. "त्याचं त्याला जुळू दे."

झडपेतून पाणी आत घुसतंय
आणि लाल बोट वर येतेय, कुणी हात न लावता:
पंधरा टन लोखंड, छपरावर सरपण,
एक झोपलेला कुत्रा, कुंडीत पार्सली.
उचललं कुणी?
डोंगरावरच्या तलावात वर्षभर साठलेल्या भुरभुरीनं.
लग्नपत्रिकेवर देवाबद्दल छापतात
ते मला इथे पाण्याबद्दल म्हणावंसं वाटतं:
कार्य सिद्धीस नेण्यास समर्थ.

मग घुसळण थांबते. दोन पाण्यांचं एक होतं.
हॉवर्ड तुळईला टेकतो,
शेजाऱ्याच्या कुंपणाला टेकावं तसा,
आणि दार निघतं.
डेक्लन धावत जाऊन शेजारी पाठ लावतो.
एक पाऊल. दुसरं.
कीझिया टेप पसरते: तीन मीटर वीस.
"आणि बल, मिस?"
स्प्रिंगकाटा मी स्टाफरूममध्येच विसरलेय.
"लिही," हॉवर्ड म्हणतो,
"एक म्हातारा आणि पाऊण पोरगा."

परतताना दोघांची दप्तरं माझ्या खांद्यांवर.
पट्टे रुततात. कालव्याकाठची वाट
शाळेपर्यंत सपाट, ना चढ ना उतार.
मागून कीझिया ओरडते,
"मिस! शून्य!"