चौदा घोड्या

दिवसातून चाळीस वेळा माझा चष्मा आंधळा होतो.
बाहेर उणे एकतीस, कंटेनरच्या दुकानात शेगडी,
आत पाऊल टाकलं की काचांवर साय धरते
आणि गिऱ्हाईक विचारतं, एकोणचाळीस नंबर आहेत का,
नमद्याचे, लाल काठाचे?
मी आधी बाहीने पुसते, मग बघते कोण आलंय.
उलानबातरच्या बाजारात दोन हिवाळे बूट विकले,
त्या पैशांत आज बाहीला सुट्टी.

तिसरा मजला. कागदी टोपी, पावलांत निळ्या पिशव्या.
डॉक्टर दारीमा माझ्या धाकट्या भावाहून लहान दिसते.
"हिरव्या ठिपक्याकडे बघत राहा. बाकी यंत्र बघेल."
पापण्या चिमट्यात.
मिटणं ही केवढी चैन होती.
थेंब, पुन्हा थेंब, मग डोळा माझा राहत नाही,
दाताच्या डॉक्टरकडे ओठ राहत नाही तसा.
एक कडं बसतं, दाबतं,
आणि दिवा न विझवता अंधार होतो.

कोणीतरी माझ्या डोळ्याचं पान उलटतं.
ठिपका फुटतो, कढईतल्या अंड्यासारखा पसरतो,
टक टक टक टक,
आणि तो वास.
जळण्याचा नसतो म्हणे, हवेचा असतो.
मला विचारा. सणाआधी आई मेंढीचं डोकं भाजायची
तेव्हा तंबूभर हाच असायचा.
"अकरा झाले," दारीमा म्हणते, "सात राहिले."
अठरा सेकंद.
एवढ्यात मी बुटांची एक जोडीसुद्धा कागदात बांधत नाही.

पहिले चार तास कांदा. नुसता कांदा, वर चिमूटभर वाळू.
डोळ्यांवर भोकाभोकांच्या प्लास्टिकच्या वाट्या,
चिकटपट्टीने गालाला जोडलेल्या.
भाऊ तेमूजे तासातासाला गजर लावून येतो:
पांढऱ्या झाकणाची आधी,
निळ्या झाकणाची पाच मिनिटांनी.
लोक डोळ्यांत तेल घालून जागतात,
मी औषध घालून झोपते.
झोपेत चष्मा वर सारायला जाते
आणि बोट नुसतंच नाकाला लागतं.

संध्याकाळी वडिलांचा फोन. रेंजसाठी टेकडी चढलेले,
धाप ऐकू येते.

मी नऊ वर्षांची असताना
त्यांनी खोगिरावरून बोट दाखवलं होतं:
त्या कड्याखाली बघ. किती घोड्या?
मला कडाच दिसत नव्हता.
खाली पिवळं होतं, वर निळं होतं,
मधे कुठेतरी ते दोघं एकमेकांत सांडले होते.
मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, चौदा.
"तेरा," ते हसले. "पण एक शिंगरू आडोशाला असेल."
त्या दिवसापासून घरात ठरून गेलं
की माझी नजर बापावर गेली आहे.
पुढे शहरात चष्मा लागला,
तो पुस्तकांमुळे, शहरामुळे, धुरामुळे.
मी कधी काही बोलले नाही.

"खिडकीशी जा," ते म्हणतात. "काय काय दिसतं, सांग."

भिंत धरत जाते. पडदा बोटभर सरकवते.
वाटीच्या भोकांतून
दुधात बुडालेली समोरची इमारत,
प्रत्येक दिव्याला केस फुटलेले,
धूर असेल, नाहीतर बर्फ.
"नाही दिसत, बाबा," मी म्हणते.
"कड्याखालचंही नव्हतं दिसलं तेव्हा."

पलीकडे बराच वेळ नुसता वारा.

"मला आता दिसत नाही तो कडा," ते म्हणतात.
"दोन वर्षं झाली. यंदा घोड्या ऐकून मोजतो."
"किती भरल्या?"
"तेरा," ते म्हणतात. जरा थांबून, "की चौदा."

मला हसू येतं आणि हसल्यावर झोंबतं.
दारात तेमूजे उभा, हातात निळं झाकण:
रडू नकोस, औषध वाहून जाईल.