सुपाचा काठ

दुसऱ्याच झेपेत डावा पंख मिटला.
मोडला म्हणत नाही मी. मिटला,
वही मिटावी तसा, मुळाशी,
आणि ग्लायडर तुरीत पडलं, पाठीवर.

संबोधी धावली.
मी रिमोट धरून धुऱ्यावर उभा,
काडी अजून मागे ओढलेली,
जसं काही ते ऐकणार होतं.

रात्री दुकानात, जळक्या पंपांच्या मधोमध
टेबलावर पंख ठेवला.
पांढरा फोम. जखमेत साबुदाण्यासारखे दाणे.
आयुष्यभर मोटारी बांधल्या, तांब्याच्या तारेशी बोलणं कळतं,
फोमशी नाही.
घाईत फेविक्विक ओतलं.
फोम सुसकारला, विरघळला,
बोट जाईल एवढं भोक पडलं.
"बाबा, हे औषध नव्हतं," संबोधी म्हणाली.
नववीत आहे. बरोबर बोलते, तीच अडचण.

नागपूरला कार्बनची काडी मिळते.
साडेचारशे, वर कुरिअर.
ती म्हणाली, ठकूबाईकडे बांबू आहे.

बाजाराच्या कडेला, निंबाखाली,
ठकूबाई बुरडीण टोपली सोडून उठली नाही.
पंख नुसता हातात घेतला,
एकदा हवेत पाखडून पाहिला.
"सूपच हाय हे," म्हणाली,
"काठ बांधाचा राहून गेला याले."

मग कोयता. एक टोला, आणि बांबू
आपणहून उकलत गेला शेवटापर्यंत.
"पोटाकडची काडी घेऊ नोको, पोरी.
पाठीकडची घे. हिरवी साल दिसते ना,
सारा जोर तिथंच राहते.
आन् पेर मधात येऊ देऊ नोको."
पैसे नको म्हणाली.
टेबलफॅन दिला गुंडाळून, तीन उन्हाळे बंद असलेला.

उडताना पंख वर वाकतो,
म्हणजे ताण खालच्या अंगाला.
हे मला संबोधीनं मोजपट्टी वाकवून दाखवलं.
म्हणून हिरवी साल जमिनीकडे.
करवतीच्या पात्यानं खाच पाडली,
काडी बसवली, पांढरा फेविकॉल,
वरून वाइंडिंगची काचेच्या धाग्याची पट्टी,
जी मी पाच हॉर्सपॉवरच्या मोटारीला लावतो.
मोडला एकच होता, बांधले दोन्ही.
एकालाच आधार दिला, तर दुसऱ्याचं काय,
हेही तिनंच विचारलं.

कासलीवाल सोनारानं काट्यावर तोलून दिले.
"घट किती धरू?" हसला.
डावा तीन ग्रॅमनं जड. फेविकॉल. माझा हात.
उजव्या टोकाला एक रुपया चिकटवला.

मग दोन खुर्च्या, दोन टोकं,
मधे सव्वा किलो हरभरा.
वाकला.
कुरकुरला.
थांबला तिथेच.
आम्ही दोघांनी एकदमच श्वास सोडला,
आणि माझ्या श्वासानं चार हरभरे घरंगळले.

रविवारी बरडावर. पूस महिन्याचा कोरडा वारा
उतारावरून वर चढत होता.
या वेळी रिमोट तिच्याकडे, फेकणारा मी.
वर गेलं. मोटार बंद केली तिनं.
अचानक इतकं शांत, की खाली कपाशीत
वेचणाऱ्या बायांचं बोलणं आलं टेकडीवर.
मग तिनं नाक खाली केलं, मुद्दाम,
मी "नको" म्हणेपर्यंत वेग घेतला,
आणि ओढलं वर.

पंख वाकले. खालून दिसत होते वाकलेले,
भरलं सूप उचलताना काठ वाकतो तेवढे.
मी मान खाली घातली. मातीत एक मुंगी,
तिच्या तोंडात गवताचं कूस.
"बाबा, बघा ना."
बघितलं. गोल पूर्ण झाला होता.
एक घार लांबूनच वळून गेली.

उतरताना सारखं डावीकडे झुकत होतं.
हातात घेतलं तर रुपया नाही.
कुणाच्या तरी कपाशीत पडला असेल,
वेचणारीला सापडला तर ती वर बघेल,
वर काही नसेल.

फॅन अजून टेबलाखालीच आहे.
आज उघडला. आतली तार काळी पडलीय.
सगळी काढावी लागेल.