रकाना सात

अग्निशमन दलाच्या माडीवर आमचं वाचनालय.
खाली बंब धुतात, वर आम्ही
चिकटलेली पानं सोडवतो, हाडाच्या पातीने.
चिलोए बेटाची हवाच अशी,
कागदही मासळीसारखा वाळवावा लागतो.

प्रकाशाची पट्टी सरकते. सन एकोणीसशे बावीस, घरनोंद :
एउलोखिओ नाउएलकीन, खोल्या तीन,
दक्षिणेला सफरचंदाची नऊ झाडं.
शाई फुटलेली, म्हणून यंत्र वाचतं :
दक्षिणेला नऊ भाऊ.
मी भाऊ खोडते, झाडं लावते.

मग नायादेत जुना नकाशा
उपग्रहाच्या चित्रावर अंथरते,
चर्चच्या मनोऱ्याला पहिली टाचणी.
नाउएलकीनांचं घर पडतं थेट समुद्रात,
काठापासून दोनशे मीटर आत.
आणि बावन्न सालच्या वहीत तेच घर, त्याच तीन खोल्या,
खाडीच्या पलीकडे.
लाल त्रिकोण लुकलुकतो :
दुबार नोंद. एक काढून टाकू?

ओर्फेलिना आलेली असते पोलिसी कादंबऱ्या बदलायला.
एक्याऐंशी वर्षांची, चष्मा कपाळावर.
"दोन्ही आमचंच," म्हणते, "एकच घर.
विहिरीवरून काकाशी वाजलं, बापाने घर उचललं.
खाली ओंडके, पुढे अठरा बैलजोड्या,
सगळा गाव दोराला.
भरतीला पिंपं बांधून पाण्यात लोटलं, तीन लाँचींनी ओढलं.
पोरांनी आत राहायचं नाही, असं बजावलेलं.
मी पलंगाखाली होते.
आईने चूल विझवली नव्हती, बरं का,
धुराड्यातून धूर निघत होता मधल्या खाडीत."

मागे राहिलेली जमीन
साठच्या भूकंपात खचली. आता तिच्यावरून होड्या जातात.

घर फिरलं की वासे फिरतात म्हणे.
इथे वासे जागच्या जागी होते, कुरकुरत.
फिरलं ते घर.

पण रकाना सात : ठिकाण. अनिवार्य. एकच.
मी राजधानीला फोन लावते.
एक कोवळा आवाज, फार अदबीचा :
"शेऱ्यात लिहा ना, बाई.
शेरा मात्र शोधात येत नाही."

नायादेत ठिपका पुसते, रेघ ओढते,
या काठापासून त्या काठापर्यंत.
यंत्र विचारतं, रेघ कसली?
नदी, रस्ता, की जलमार्ग?
ती जलमार्ग निवडते, आणि हसत नाही.

तर आता तीन खोल्यांचं एक घर
देशाच्या दप्तरात फेरीबोटींच्या रांगेत उभं आहे.
कुणी शोधलंच तर सापडेल,
कदाचित वेळापत्रक शोधणाऱ्याला.

"आणि झाडं?" ओर्फेलिना विचारते.
नऊ, मी सांगते.
"अकरा होती. दोन मी मोजायची, बाकीचे विसरायचे."
मी पान पुन्हा उघडते, मोठं करते,
अक्षराचे दाणे दिसेपर्यंत.
शाई नऊच म्हणते.

खाली भोंगा वाजतो, बंब निघतो कुठेतरी.
ती पिशवीत कादंबऱ्या भरते,
एकीचं शेवटचं पान आधी वाचून घेते.